बटण दाबलं की फॉर्म गप्प: स्क्रीन रीडरवर दरवर्षी येणारी एकच तक्रार

तक्रार दरवर्षी प्रवेश सुरू झाले की यायची, आणि शब्दही तेच असायचे: "सर, फॉर्म पूर्ण भरला, सबमिट दाबलं, पुढे काहीच होत नाही." एका शाळेचा ऑनलाइन प्रवेश-फॉर्म मी सांभाळतो. पहिल्या वर्षी तक्रार आली तेव्हा मी रकान्यांना लेबलं जोडली. दुसऱ्या वर्षी चुकांचे लाल संदेश आणखी मोठ्या अक्षरात केले. तक्रार करणाऱ्याला दिसत नाही, हे माहीत असूनही केले. आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

तिसऱ्या वर्षी फोन आला तो एका बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांचा. जन्मापासून दृष्टिहीन, दिवसभराचं सगळं काम एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. मुलीचा पहिलीचा प्रवेश होता. मी सवयीने म्हणालो, "साहेब, ब्राउझर बदलून बघा ना." ते म्हणाले, "तीन बदलले. आता तुम्ही एकदा माउस बाजूला ठेवून बघा." पुढचे दोन तास फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी मला माझाच फॉर्म ऐकवला. खालचं बरंचसं त्या दोन तासांतलं आहे. कोडमधले शब्द आपण बोलतो तसेच देवनागरीत लिहिले आहेत.

आधी स्वतः ऐका, आणि टॅबनेच ऐका

एनव्हीडीए विंडोजवर फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. सुरुवातीला त्याच्या बोलण्याचा वेग झेपत नाही, म्हणून टूल्स मेनूमधला स्पीच व्ह्यूअर उघडून ठेवा. बोललेलं सगळं तिथे अक्षरांत उमटतं. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबलं की पानावरच्या घटकांची यादी उघडते. तिच्यात 'फॉर्म फील्ड्स' निवडा. प्रत्येक रकान्याचं नाव तिथे दिसायला हवं. माझ्या यादीत बेचाळीस रकाने होते आणि अकरा बिघडलेले: काही बिननावाचे, काही चुकीच्या नावाचे.

हे आधी माझ्या लक्षात का आलं नाही? कारण मी मोबाइलवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर लावून तपासलं होतं. टॉकबॅकमध्ये बोट उजवीकडे सरकवत गेलं की पानावरचं सगळं ओळीने वाचलं जातं. आधी 'पिनकोड' हा मजकूर, मग रिकामी चौकट. दोन्ही एकमेकांना जोडलेले नसले तरी ऐकणाऱ्याला अंदाज येतो. एनव्हीडीएतही खालच्या बाणाने वाचत गेलात तर तसंच होतं. पण कॉम्प्युटरवर फॉर्म भरणारा माणूस टॅब मारत एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारतो. तेव्हा मधला सुटा मजकूर वाचलाच जात नाही, फक्त रकान्याला बांधलेलं ऐकू येतं. त्या गृहस्थांना ओळीने "एडिट, ब्लँक", "एडिट, ब्लँक" ऐकू येत होतं. आपण कुठल्या चौकटीत उभे आहोत हे कळायला दर वेळी मागे जाऊन शोधायचं.

पहिला पिनकोड दोनदा बोलतो, दुसरा मुका

लेबल जोडलंय की नाही हे डोळस माणसाला एका सेकंदात तपासता येतं. रकान्याशेजारच्या शब्दांवर माउसने क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला तर जोडलेलं आहे, नाही गेला तर ते लेबल भिंतीवरच्या पाटीसारखं नुसतं शेजारी लटकलेलं आहे. लेबलच्या 'फॉर' मध्ये जो मजकूर, तोच इनपुटच्या 'आयडी'त, एवढंच ते जोडणं.

मी ते केलेलं होतं, तरी अकरा रकाने बिघडलेले. त्यातले सहा बिननावाचे, ते दुसऱ्या पत्त्याचे निघाले. फॉर्ममध्ये पत्ता दोनदा होता, कायमचा आणि सध्याचा. दोन्ही ठिकाणी पत्त्याचा एकच तयार घटक वापरलेला, त्यामुळे पानावर 'पिनकोड' नावाचे दोन आयडी. 'फॉर' नेहमी पहिल्या सापडलेल्या आयडीकडे बोट दाखवतो. म्हणून दोन्ही लेबलं पहिल्या रकान्याला चिकटली आणि तो "पिनकोड पिनकोड" असं बोलायला लागला, दुसरा मात्र मुका. एखादा रकाना स्वतःचं नाव दोनदा सांगताना ऐकलात तर त्याचा जुळा भाऊ पानावर कुठेतरी नाव हरवून बसलाय असं समजा.

उपाय: आयडी हाताने लिहू नका, प्रत्येक घटकाला वेगळा तयार होऊ द्या. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १८व्या आवृत्तीपासून त्यासाठी 'यूज-आयडी' आहे, इतर ठिकाणी पत्त्याच्या प्रकाराचा उपसर्ग लावला तरी भागतं. आणि जमलं तर दुसरा पत्ता विचारूच नका. 'कायमचाच पत्ता' अशी एक टिक द्या. एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा मागू नये, हा ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मधला, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला, निकषच आहे. आमच्याकडे या सोयीवर सगळ्यात जास्त खूश डोळस पालक झाले.

एरिया-लेबलची मलमपट्टी

उरलेल्या पाच रकान्यांची गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षी घाईत मी काही इनपुटांवर 'एरिया-लेबल' चिकटवलं होतं. ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि दिसणाऱ्या लेबलपेक्षा त्याचा मान मोठा असतो. म्हणजे दोन्ही असतील तर स्क्रीन रीडर एरिया-लेबलच वाचतो. न दिसणारी गोष्ट जुनी झाली तरी कुणाला कळत नाही, आणि घोळ तिथेच झाला.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायची असं ठरलं. ते पाहून आमच्या संस्थेनेही आपला नमुना बदलला. डिझाइन करणाऱ्याने दिसणारे शब्द बदलले, एरिया-लेबल तसंच राहिलं. डोळ्यांना 'आईचं नाव' दिसणाऱ्या रकान्यात कानांना 'वडिलांचं नाव' ऐकू येत होतं. त्या गृहस्थांनी ऐकलं तसं भरलं, आणि कार्यालयातून त्यांना फोन गेला की नावं उलटसुलट लिहिली आहेत. चूक आमची, आणि बोलणी त्यांना बसली.

शिवाय पान मराठीत वाचायचं की इंग्रजीत, यासाठी वर बटण होतं. भाषांतराच्या फाइलीत एरिया-लेबलं घालायची राहून गेलेली, त्यामुळे मराठी फॉर्ममध्ये मध्येच पाच रकाने इंग्रजीत बोलायचे. कसर भरून काढायला पानाच्या मुळाशी भाषेचा कोड 'एमआर' ऐवजी साच्यातून आलेला 'ईएन' तसाच होता, म्हणजे मराठी मजकूर कुठल्या भाषेच्या उच्चारांनी वाचायचा याची खूणच चुकीची. ती एक ओळ बदलायला दहा सेकंद लागतात.

माझं मत आता पक्कं आहे: जिथे शब्द डोळ्यांना दिसतोय तिथे खरं लेबल वापरा. एरिया-लेबल फक्त चिन्हांच्या बटणांना, म्हणजे भिंग, फुली वगैरे. प्लेसहोल्डरला, म्हणजे रिकाम्या रकान्यातल्या फिकट अक्षरांना, लेबल समजू नका. ब्राउझर नाइलाज म्हणून ते नाव म्हणून पुढे करतो खरा, पण टाइप करायला लागताच ते डोळ्यांसमोरून जातं, आणि पाठीमागे बसलेल्या आजोबांना 'इथे काय लिहायचं होतं?' हे आठवत नाही.

सूचनांचंही तेच. 'फोटो ५० केबीपेक्षा लहान, जेपीजी' ही ओळ रकान्याखाली सुटी लिहिली तर टॅबने येणाऱ्याला ती फोटो नाकारला गेल्यावरच कळते, तीही कळली तर. त्या ओळीला आयडी द्या आणि इनपुटवर 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' लावून तो आयडी लिहा. आधी नाव, मग प्रकार, मग सूचना अशा क्रमाने ते वाचलं जातं.

आता मूळ तक्रार: सबमिट दाबलं आणि शांतता

एवढं सगळं नीट झाल्यावरही गृहस्थ म्हणाले, "बटण दाबल्यावर एकदा काहीतरी बोलला. दुसऱ्यांदा दाबलं तर गप्प." मला वाटलं, त्यांच्या कॉम्प्युटरचाच काही दोष असावा. कधी होणारा आणि कधी न होणारा बिघाड कुणालाच आवडत नाही, आणि मग संशय नेहमी समोरच्यावर जातो.

आमच्या फॉर्ममध्ये चूक सापडली की वरच्या बाजूला लाल पट्टी यायची: 'कृपया चुका दुरुस्त करा.' पट्टी 'एरिया-लाइव्ह' होती, म्हणजे तिच्यातला मजकूर बदलला की स्क्रीन रीडर आपणहून बोलणार. पहिल्यांदा पट्टी रिकामीची भरली, बदल झाला, आवाज आला. त्यांनी एक चूक सुधारली, पुन्हा सबमिट. अजून दोन चुका बाकी, म्हणून आम्ही पट्टीत तेच वाक्य पुन्हा लिहिलं. स्क्रीन रीडरच्या लेखी काहीच बदललं नाही, त्यामुळे तो बोलला नाही. फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, बटणावरच राहिलेला. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फॉर्म मेला.

याच जातीचा दुसरा दोष मी आधीच्या वर्षी केला होता. तेव्हा पट्टी पानावर नसायचीच, चूक झाली की पट्टी आणि मजकूर एकदमच पानात घातले जायचे. लाइव्ह चौकट आधीपासून पानावर रिकामी उभी हवी, तरच तिच्यावर नजर ठेवली जाते. नाहीतर एखादा ब्राउझर बोलतो, एखादा बोलत नाही. आणि तीन सेकंदांत विरून जाणारे कोपऱ्यातले संदेश तर चुकांसाठी वापरूच नयेत. मोठी अक्षरं करून वाचणाऱ्या अल्पदृष्टी माणसाच्या पडद्यावर तो कोपरा नसतोच.

शेवटी मी चुकांसाठी लाइव्ह पट्टीचा नादच सोडला आणि फोकस हलवायला लागलो. आता असं होतं: सबमिट दाबलं आणि चुका असल्या की वर एक चौकट येते, 'तीन ठिकाणी दुरुस्ती हवी' असं शीर्षक आणि खाली प्रत्येक चुकीची लिंक. शीर्षकाला 'टॅबइंडेक्स' उणे एक देऊन (म्हणजे टॅब तिथे थांबत नाही, पण कोडला जाता येतं) कोडने फोकस तिथे नेतो. फोकस हलला की स्क्रीन रीडरला बोलावंच लागतं, पहिल्यांदाही आणि दहाव्यांदाही. लिंक दाबली की थेट त्या रकान्यात. रकान्यावर 'एरिया-इनव्हॅलिड' ही चुकीची खूण 'ट्रू' केलेली, आणि चुकीचं वाक्य डिस्क्राइब्डबायने बांधलेलं. तिथे आधीपासून सूचनेचा आयडी असेल तर तो काढू नका, मध्ये जागा सोडून दोन्ही आयडी लिहा. पानाच्या शीर्षकातही पुढे 'त्रुटी:' लावतो. ही युक्ती ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टीममधून उचललेली आहे. चार-पाच रकान्यांच्या छोट्या फॉर्मला एवढा लवाजमा नको, तिथे पहिल्या चुकलेल्या रकान्यात फोकस नेला की पुरे.

एरिया-इनव्हॅलिड सुरुवातीपासून लावू नका. रिकामा फॉर्म उघडताच प्रत्येक रकाना "इनव्हॅलिड एंट्री" म्हणायला लागला तर माणूस पहिल्या पायरीवरच वैतागतो. आणि वाक्य कामाचं लिहा. 'अवैध नोंद' यातून काय समजायचं? 'पिनकोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक लिहिले आहेत' यात दुरुस्तीच सांगितलेली आहे.

सगळं नीट भरेपर्यंत सबमिट बटण राखाडी करून बंद ठेवायची एक फॅशन आहे. बंद बटणावर टॅब थांबतच नाही. माणूस शेवटच्या रकान्यातून थेट ब्राउझरच्या पट्टीत जाऊन पडतो आणि आपल्याला फोन करतो की बटण सापडत नाही. चालू ठेवा आणि दाबल्यावर काय राहिलं ते सांगा.

लाइव्ह पट्टी पूर्ण टाकाऊ नाही. 'फोटो अपलोड झाला' अशा, माणसाला जागचं न हलवता सांगायच्या गोष्टींसाठी 'स्टेटस' ही भूमिका दिलेली चौकट अजून वापरतो.

अकोल्याच्या पुढे जाता येत नाही

जिल्हा, तालुका, गाव हे तीन ड्रॉपडाउन आपल्याकडच्या प्रत्येक फॉर्ममध्ये असतात. आमचा जिल्हा निवडला की पान पुन्हा लोड होऊन तालुके यायचे. माउसने यादी उघडून निवडणाऱ्याला यात काही अडत नाही. कीबोर्डवाला बंद यादीवर खालचा बाण दाबतो, आणि विंडोजमध्ये दर बाणाला 'निवड बदलली' अशी वर्दी जाते. पहिला बाण, अकोला, पान लोड, फोकस पानाच्या टोकाला. पुन्हा टॅब मारत या, पुन्हा बाण, अमरावती, पुन्हा टोकाला. यादीतल्या छत्तिसाव्या जिल्ह्याच्या माणसाने काय करावं? जाणकार आल्ट आणि खालचा बाण दाबून यादी उघडून घेतात, पण ती जबाबदारी त्यांची नव्हे.

पान लोड करणं काढलं. तालुके मागच्या मागे आणले, फोकस जिल्ह्यावरच ठेवला, आणि पुढचा ड्रॉपडाउन भरल्यावर स्टेटस चौकटीत 'तालुके आले' एवढंच. दर बाणाला सर्व्हरकडे धाव नको म्हणून अर्धा सेकंद थांबतो. डिझायनरला इथे शोधपेटीसकट गोंडस ड्रॉपडाउन हवा होता. मी साधा 'सिलेक्ट'च ठेवला. त्यात अक्षर टाइप करून उडी मारता येते, तो सगळ्या स्क्रीन रीडरना कळतो, आणि डिव्ह जोडून बनवलेला नकली ड्रॉपडाउन तितका चांगला करायला आठवडे जातात.

किरकोळ, पण फॉर्म अडवणारे

'वरील माहिती खरी आहे' ही टिक अनेकांना सापडत नाही, कारण खरी चौकट 'डिस्प्ले नन' करून तिच्या जागी चित्र ठेवलेलं असतं. डिस्प्ले नन म्हणजे कीबोर्डसाठीही नाहीशी. ती पारदर्शक करून चित्राच्या वर ठेवा. रेडिओ बटणांना फील्डसेट आणि लीजंड, म्हणजे गटाची चौकट आणि तिचं शीर्षक, द्या, नाहीतर प्रश्नाशिवाय नुसतं "होय, नाही" ऐकू येतं. जन्मतारखेचं कॅलेंडर ठेवायचं तर ठेवा, पण रकान्यात टाइप करण्याची बंदी काढा. आम्ही दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने केले आणि तारखांच्या चुकाही कमी झाल्या.

कॅप्चा हे वेगळं दुखणं. चित्रातली अक्षरं ओळखायला लावायची तर दुसऱ्या इंद्रियासाठी पर्याय हवाच, हे डब्ल्यूसीएजीच्या अगदी पहिल्या निकषात आहे. आम्ही तो काढून बॉटसाठी एक लपवलेला सापळा-रकाना ठेवला: माणसाला दिसत नाही, यंत्र भरतं, यंत्र पकडलं जातं. आणि पहिल्याच आठवड्यात तेच बँकेतले गृहस्थ यंत्र म्हणून पकडले गेले. रकाना मी पडद्याबाहेर सरकवून लपवला होता, स्क्रीन रीडरला तो व्यवस्थित सापडला, आणि त्यांनी इमानदारीने भरला. म्हणून सापळ्याला टॅबइंडेक्स उणे एक आणि स्क्रीन रीडरपासून लपवणारं एरिया-हिडनसुद्धा लावा, आणि ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, नाहीतर ब्राउझरही तो भरेल.

पुढच्या वर्षी पुन्हा मोडू नये म्हणून

तीन वर्षांत दोनदा दुरुस्त झालेली गोष्ट दोनदा मोडली, कारण ती मोडली हे कुणाला दिसत नव्हतं. लाइटहाउससारख्या स्वयंचलित तपासणीला लेबल नसलेला रकाना सापडतो. 'आई'च्या जागी 'वडील' बोलणारा किंवा दुसऱ्यांदा गप्प बसणारा सापडत नाही.

आता चाचण्यांमध्ये रकाने आयडीने शोधत नाही, 'गेट-बाय-लेबल-टेक्स्ट'ने, म्हणजे लेबलच्या शब्दांवरून, शोधतो. लेबल सुटलं की चाचणी पडते, बदल पुढे जात नाही. चुकलेला फॉर्म सलग दोनदा सबमिट करून दोन्ही वेळा फोकस चुकांच्या शीर्षकावर आहे का, हीही एक चाचणी. आणि प्रवेश सुरू होण्याआधी एक पूर्ण फॉर्म माउसची वायर काढून, एनव्हीडीए लावून मी स्वतः भरतो. पहिल्यांदा सव्वा तास लागला होता.

यासाठी वेळ द्यायला संस्थाचालक तयार नव्हते. "असे पालक वर्षाला एखादे," हे त्यांचं म्हणणं. मी अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आणि ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे ठेवला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलंय. पण त्यांना पटलं ते वेगळ्या कारणाने. आईच्या जागी वडिलांचं नाव गेलेला तो अर्ज दुरुस्त करायला कार्यालयाचा अर्धा दिवस गेला होता.

एक गोष्ट मात्र कोडने सुटली नाही. फोटो अपलोड केल्यावर माउसने चौकोन ओढून चेहरा मधोमध आणायचा होता. मी त्याला बाणांच्या कळा जोडल्या, 'डावीकडे १० पिक्सेल' असं बोलायलाही लावलं. गृहस्थांनी वापरून बघितलं आणि विचारलं, "चौकोन सरकतोय हे कळलं. मुलीचा चेहरा त्यात आहे की नाही हे कोण सांगणार?" चौकोन काढून टाकला. फोटो आहे तसा घेतो, कापायचं काम कार्यालयातल्या ताई करतात.